दोन पॉइंट नऊ

“हे खोड,” सासवडे सर म्हणाले आणि लाल पेन्सिल त्यांनी माझ्या प्रयोगवहीवर आडवी ठेवली.

मी पेन्सिल उचलली नाही. वहीत माझ्या अक्षरात २.९ लिहिलेलं होतं, आणि ते मी तीन दिवस खपून, अकरा वेळा मोजून मगच लिहिलं होतं.

“का, सर?”

“का म्हणजे? पुस्तकात किती दिलंय?”

“चार.”

“मग?”

“पुस्तकात चार आहे. माझ्या भांड्यात दोन पॉइंट नऊ आलं.”

शेजारच्या टेबलावर परीक्षानळ्या धुणारी मुलं धुवायची थांबली. एकोणीसशे शहात्तर सालची गोष्ट. कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावचं कॉलेज, बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष, वर्गात एकतीस मुलगे आणि दोन मुली. त्यातली एक मी, अनुसया कुंभार. दुसरी मामलेदारांची मुलगी. तिला कोणी काही खोडायला सांगत नसे, कारण ती बरोबर उत्तर घरूनच लिहून आणायची.

प्रयोग साधा होता. मातीच्या भाजलेल्या भांड्याला डोळ्यांना न दिसणारी बारीक भोकं असतात. त्या भोकांतून कोणता वायू किती वेगाने जातो ते मोजायचं. भांड्याचं तोंड बुचाने बंद करायचं, त्यातून नळी काढून नळाच्या पाण्यावर चालणाऱ्या पंपाला जोडायची, म्हणजे आतली हवा ओढली जाते. भांडं काचेच्या बरणीत ठेवायचं आणि बरणीत वायू सोडायचा. वायू भांड्याच्या भिंतीतून आत शिरत जातो, आणि जेवढा शिरेल तेवढं पाणी बरणीला जोडलेल्या मोजनळीत वर चढतं. एका खुणेपासून दुसरीपर्यंत चढायला किती सेकंद लागले ते स्टॉपवॉचवर बघायचं. एकदा हायड्रोजनने, एकदा ऑक्सिजनने. ऑक्सिजन सोळापट जड. सोळाचं वर्गमूळ चार. म्हणून ऑक्सिजनला चौपट वेळ लागला पाहिजे, असा नियम.

माझ्या भांड्यात हायड्रोजन एकवीस सेकंदांत गेला आणि ऑक्सिजन एकसष्ट. भागून बघा.

आता खरी गोम सांगते. कॉलेजचं मूळचं परदेशी भांडं तीन वर्षांपूर्वी फुटलं होतं. तेव्हापासून हा प्रयोग भांड्याशिवायच चालला होता. मुलं जुन्या वहीतून ३.९ उतरवायची, सर सही करायचे आणि सगळ्यांचं भलं व्हायचं. ३.९ एवढ्यासाठी, की नेमके चार लिहिले तर परीक्षकाला संशय येतो. आमच्याकडे खोटं लिहायलासुद्धा शिस्त होती. त्या वर्षी माझा नंबर आला आणि मी विचारलं, “सर, भांडं कुठाय?” फुटलंय म्हणाले. मला हसूच आलं. कुंभाराच्या पोरीला कुणी सांगावं, की मातीचं भांडं नाही म्हणून प्रयोग होत नाही! दुसऱ्या दिवशी मी आबांच्या, म्हणजे वडिलांच्या, मालातलं एक बोळकं घेऊन आले आणि सगळ्यांच्या मुळावर आले.

“सर, आकडा चुकलेला नाही,” मी म्हणाले. “भांड्याची भोकं मोठी आहेत.”

“तुला काय ठाऊक?”

“आमच्या मातीत गाढवाची लीद असते.”

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. सरांच्या कपाळावर आठी चढली.

“लीद भाजताना जळून जाते,” मी थांबले नाही, “आणि तिथे पोकळी राहते. म्हणून तर माठातलं पाणी गार होतं. वायू तिथून लोंढ्याने जातो, चाळून निघत नाही. पुस्तकातला नियम चाळणीचा आहे सर, मोरीचा नाही.”

“विज्ञानात लीद आणू नकोस.” सर खुर्चीत मागे रेलले. “कुंभाराची सून कधीतरी उकिरड्यावर येतेच म्हणतात. तू लेक असून आधीच पोचलीस.”

आता मात्र सगळे मोकळेपणाने हसले. मला वाटलं, वही उचलावी आणि चालू लागावं. पण वहीच्या पहिल्या पानावर प्रमाणपत्र छापलेलं असायचं: या विद्यार्थ्याने हे प्रयोग स्वतः केले आहेत. त्याखाली सरांची सही नसेल तर प्रात्यक्षिक परीक्षेला बसता येत नसे. परीक्षा नाही तर पदवी नाही. आणि पदवी नाही तर काय, ते आमच्या घरी ठरून गेलं होतं. आष्ट्याकडचं स्थळ आलेलं होतं. आबांनी त्यांना सांगितलं होतं, पोरगी बी.एस्सी. झाली तर शाळेत नोकरी धरंल, न्हाई झाली तर वैशाखात बार उडवू. आबा बोलले की बोलले.

“नाही खोडणार,” मी म्हणाले.

“मग मी सही नाही करणार.”

“सर, मी बारीक मातीचं भांडं आणते. लीद न घातलेलं. त्यात चारच्या जवळ आलं, तर हे दोन पॉइंट नऊ खरं धरायचं. भोकं मोठी म्हणून आकडा कमी, एवढंच त्याने सिद्ध होईल.”

“आणि नाही आलं तर?”

“तर तुम्ही सांगाल तो आकडा लिहीन.”

सरांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. प्रात्यक्षिक परीक्षेला अकरा दिवस होते.

“ठीक. पण माझ्यासमोर नाही करायचं,” ते म्हणाले. “बहिस्थ परीक्षक येतील, त्यांच्यासमोर कर. सही मी तिथल्या तिथे करीन. किंवा करणार नाही.”

मी हो म्हणून बसले. आमच्यात म्हणतात तसं, उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

घरी आल्यावर डोक्यात प्रकाश पडला. शिवरात्र होऊन दोनच दिवस झाले होते. शिवरात्रीला आमच्या भावकीत चाकाची पूजा होते, आणि मग गुढीपाडव्यापर्यंत चाक फिरवत नाहीत. देव बसलेला असतो त्यावर. चाकाच्या मधोमध हळदकुंकू, बाजूला समई. उन्हाळ्याचे माठ सगळे आधीच करून ठेवलेले असतात, ते फक्त भाजायचं काम चालतं.

“न्हाई,” आबा म्हणाले.

“आबा, एकच बोळकं. एवढंसं.”

“येकच काय आन् शंभर काय. माज्या बानं कदी फिरवलं न्हाई, म्या बी न्हाई फिरवायचा.”

“मग मी बसते चाकावर.”

आबांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी तोंडातच शब्द गिळले. बाईने चाकाला हात लावायचा नाही, हे आमच्यात शिवरात्रीपुरतं नाही, बारा महिने तेरा काळ आहे. बायकांनी माती तुडवायची, माठ थापटायचे, घोटायचे, भाजायचे, बाजारात डोक्यावरून न्यायचे. चाक तेवढं नाही.

आई चुलीपुढे होती. तिचं नाव तान्हूबाई. शाळेत ती एकच दिवस गेली होती, माझं नाव घालायला. ती भाकरी थापता थापताच म्हणाली, “चाकाला बाईनं हात लावायचा न्हाई म्हंत्यात. मातीला न्हाई म्हनलंय का कुनी?”

आबा उठले. तंबाखूची पिशवी घेऊन अंगणात गेले.

“बिनचाकाचं होईल?” मी विचारलं.

“चाक व्हायच्या आदी मानसं काय वंजळीनं पानी पीत हुती व्हय? कसलं पायजे सांग.”

“माती बारीक पाहिजे. एकदम बारीक. लीद नको, भुसा नको, काही नको.”

“तडकंल की मग ते.”

“तडकू दे. दोन-तीन कर.”

“पर कशाला पायजे?”

“प्रयोगाला.”

“आगं, पर त्येचं करायचं काय? पानी भरायचं का कोरडं ऱ्हानार?”

“कोरडंच. तुला नाही कळायचं ते, आई. तू फक्त माती बारीक घे.”

आईने परातीतलं पीठ गोळा केलं. “मानसं बघनार हायत का?”

“बघणार आहेत. पुण्या-मुंबईकडची मोठी माणसं बघणार आहेत.”

“बरं,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून ती लागली. ओढ्याकाठची काळी माती पाण्यात कालवून तिने ती जुन्या लुगड्याच्या पदरातून गाळली, खाली बसलेला गाळ टाकला, वरचं गढूळ पाणी निवळू दिलं आणि तळाशी जो साईसारखा थर बसला तेवढाच घेतला. दोनदा केलं तिने असं. पितळी तांब्या पालथा घालून त्याच्या बुडावर तिने ती माती लिंपली आणि थापीने हळूहळू थापटत पातळ केली. मी शेजारी बसून पुस्तक वाचत होते, किंवा वाचल्यासारखं करत होते. सासवडे सर कसे हसले ते पुन्हा पुन्हा आठवत होतं, आणि परीक्षेच्या दिवशी मी काय काय बोलेन याची वाक्यं मनात जुळवत होते. आईकडे माझं लक्ष नव्हतं.

तीन बोळकी झाली. चार दिवस सावलीत सुकली. आबांच्या आव्यात, म्हणजे माठांच्या मोठ्या भट्टीत, ती ठेवायची नाहीत असं आईने स्वतःच ठरवलं. परसात गोवऱ्यांचा छोटा ढीग रचून तिने निराळी भट्टी लावली. त्या दिवशी वारा सुटला होता. आबा दिवसभर तिकडे पाठ करून बसले होते, पण दुपारी उठले, छपराचा एक सुटा पत्रा आणून भट्टीच्या आडोशाला उभा केला आणि परत जागेवर जाऊन बसले.

दोन बोळकी तडकली. एक राहिलं. परीक्षेच्या दिवशी सकाळी आईने ते जुन्या पातळाच्या फडक्यात बांधून माझ्या हातात दिलं. मी उघडून बघितलं. इतकं सुबक भांडं मी आमच्या घरात पाहिलं नव्हतं. अंगाला तांबडी काव लावून असं घोटलेलं, की त्यात खिडकी दिसत होती.

“कसं हाय?” आई म्हणाली.

“छान आहे,” मी म्हणाले, आणि मला खरंच अभिमान वाटला. आता हसाल तुम्ही. पण कुंभाराच्या घरात वाढलेल्या डोळ्यांना खडबडीत भांडं खटकतं, गुळगुळीत खटकत नाही. घोटलं म्हणजे काम पुरं झालं, एवढंच आम्हाला ठाऊक. मी ते छातीशी धरून कॉलेजात गेले.

बहिस्थ परीक्षक मिरजकर म्हणून होते. पांढरा शर्ट, जाड भिंगाचा चष्मा, बोलायला मोजकेच. सासवडे सरांनी माझी वही त्यांच्या पुढ्यात उघडून ठेवली, प्रमाणपत्राचं पान वर. सहीची जागा कोरी होती.

“हिची एक शंका आहे,” सर म्हणाले. “स्वतःच्या घरचं भांडं आणलंय.”

“करू दे,” मिरजकर म्हणाले.

बुचावर मेण ओतून मी तोंड पक्कं केलं, नळी जोडली, पंप चालू केला, बरणीत हायड्रोजन सोडला आणि घड्याळाचं बटण दाबलं. मोजनळीत पाणी खालच्या खुणेवर होतं.

एक मिनिट झालं. पाणी खालच्या खुणेवरच होतं.

दोन मिनिटं. तीन. मी नळ्या तपासल्या, चिमटे तपासले. पंप घरघरत होता. पाणी किंचित हललं असं वाटलं, पण तो माझ्याच डोळ्यांचा खेळ असावा. प्रयोगशाळेत बाकीच्या मुलांची कामं चालू होती, पण सगळ्यांचे कान माझ्याकडे होते.

पाच मिनिटांनी सासवडे सरांनी खिशातून पेन काढलं. “हायड्रोजन आत जायला तयार नाही असं दिसतं,” ते म्हणाले. रागाने नाही, गोडीने म्हणाले, आणि ते जास्त झोंबलं. “चला, कुंभार. बोलल्याप्रमाणे. चार नको, तीन पॉइंट नऊ लिही.”

आष्ट्याचं स्थळ, आबांची तंबाखूची पिशवी, मामलेदारांच्या मुलीचा चेहरा, सगळं एकदम डोळ्यांपुढून गेलं. मी पेन हातात घेतलंसुद्धा. आणि पेन घेताना मान वर केली तेव्हा बरणीतल्या बोळक्यावर खिडकी दिसली. चारही गज स्पष्ट.

“सर, पॉलिशपेपर आहे का?” मी विचारलं.

“कशाला?” मिरजकर म्हणाले.

“हे भांडं घोटलेलं आहे. घोटल्याने वरची भोकं बुजलीत. ती उघडायचीत.”

सासवडे सर म्हणाले, “वेळ गेला आता.”

“अजून पस्तीस मिनिटं आहेत, सर.” हे मी बोलले, पण घड्याळाकडे मिरजकरही बघत होते.

“द्या तिला,” ते म्हणाले.

लाकडी स्टँड घासायचा कागद मिळाला. मी बोळकं बाहेर काढलं आणि घासायला लागले. पहिल्यांदा घासताच ती तांबडी चकाकी पांढरट झाली. आईने दिवसभर बसून गुळगुळीत दगडाने जे केलं होतं ते मी दहा मिनिटांत खरवडून काढलं. टेबलावर, माझ्या पातळावर तांबडी पूड. मी फुंकर मारली, पुन्हा घासलं, पुन्हा फुंकलं.

“आधी का नाही केलंस हे?” मिरजकरांनी विचारलं.

“चूक झाली, सर. ज्याने भांडं केलं त्याला माहीत नव्हतं.”

“मग तशी नोंद कर. चुकांच्या रकान्यात.”

भांडं परत बरणीत गेलं. पाणी चढायला लागलं. मी घड्याळाकडे बघत नव्हते, पाण्याकडेच बघत होते, ते वरच्या खुणेला लागलं तेव्हा बटण दाबलं. बावन्न सेकंद. मग ऑक्सिजन. तो सावकाश चढला, फारच सावकाश, आणि तो चढत असताना मी एकदाही श्वास घेतला नाही असं मला आजही वाटतं. एकशे अठ्ठ्याण्णव.

मिरजकरांनी कागदाच्या कोपऱ्यावर स्वतः भागाकार केला. “तीन पॉइंट आठ.” मग माझ्या वहीत मागे जाऊन त्यांनी लीदवाल्या बोळक्याचा आकडा पाहिला. २.९. बराच वेळ बघत होते. मग सासवडे सरांकडे न बघताच त्यांनी विचारलं, “मागच्या तीन वर्षांच्या वह्या मीच तपासल्यात. त्यात सगळीकडे तीन पॉइंट नऊ आहे. ती कुठल्या भांड्यावर?”

ताकाला जाऊन भांडं लपवायचं म्हटलं, तर निदान भांडं तरी लागतं. सरांनी माझी वही ओढली आणि प्रमाणपत्रावर सही केली.

मी चुकांच्या रकान्यात लिहिलं. आमचं सगळं इंग्रजीत असायचं, पण मराठीत सांगायचं तर असं: भांडे बनविणाऱ्याच्या अज्ञानामुळे त्याचा पृष्ठभाग घोटला गेला, म्हणून पहिल्या वेळी वायू गेला नाही. झोकदार अक्षरात लिहिलं. खाली रेघ मारली.

घरी मी जवळजवळ धावतच गेले. आई अंगणात शेणी थापत होती. मी बोळकं तिच्यापुढे धरलं आणि सगळं भडाभडा सांगायला लागले, पाणी कसं चढलं, परीक्षक कसे बघत राहिले, सरांचं तोंड कसं झालं. आईने शेणाचे हात बादलीत धुतले, पदराला पुसले, आणि बोळकं घेतलं. अंगठ्याने ती त्याचं अंग चाचपत राहिली.

“ह्येला काय झालं?”

“घासावं लागलं.”

“का?”

“घोटल्याने भोकं बुजली होती ना.”

“बुजनारच की. त्यासाठीच घोटत्यात.”

मी बोलायची थांबले.

“तुला ठाऊक होतं?”

“आगं, घोटलं न्हाई तर गाडग्यातनं तेल झिरपतंय, लोणच्याचा खार झिरपतोय. शेंबड्या पोराला ठावं आसतंय हे. तुला भोकं उघडी पायजे हुती तर तसं सांगायचं हुतंस. निम्म्या कष्टात झालं आसतं माजं.”

“मला वाटलं…”

“म्या इचारलं हुतं,” आई म्हणाली. “कशाला पायजे म्हनून. दोनदा इचारलं.”

तिचा आवाज चढलेला नव्हता. तिने बोळकं कट्ट्यावर ठेवलं आणि परत शेणात हात घातला. मी तिथेच उभी. ज्या माणसाने कुंभाराच्या पोरीला काय कळतं म्हणून हसून घालवलं, त्याच्याशी मी अकरा दिवस भांडत होते. आणि त्याच अकरा दिवसांत मी घरात काय बोलले होते? तुला नाही कळायचं ते, आई. मला इतकी लाज वाटली, की जेवणाचं नाव काढवेना.

“वहीत काय लिवलंस?” आईने विचारलं.

सांगू नये असं वाटलं. पण तिच्यापुढे काय लपवणार होते? “लिहिलं, की भांडं करणाऱ्याला ठाऊक नव्हतं, म्हणून असं झालं.”

तिने एक शेणी थापली, दुसरी थापली.

“खोटं हाय ते,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी कॉलेज उघडायच्या आधी मी दारात उभी होते. सासवडे सर आले. वह्या त्यांच्या कपाटात होत्या. गठ्ठा बांधून, वर कागद चिकटवून तो विद्यापीठाला जायचा होता.

“मला माझी वही पाहिजे, सर. एक ओळ खोडायचीय.”

सरांना वाटलं, मी थट्टा करते. “सही झालेली वही परत देत नाहीत.”

“ओळ खोटी आहे.”

“असू दे. कोण वाचतंय?”

“बारा दिवसांपूर्वी तुम्ही मला खरं खोडून खोटं लिहायला सांगत होता,” मी म्हणाले. “आज मी खोटं खोडून खरं लिहायला मागतेय. तेव्हा वही उघडता येत होती, मग आजही येईल.”

माझा आवाज बाहेर व्हरांड्यात गेला असावा, कारण मुलं दारात जमली. सरांनी त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि किल्ली काढली. वही टेबलावर टाकली.

“मार्क कापतील. आधीच सांगतो.”

“कापू देत.”

मी ती ओळ खोडली. गिरवून नाही, एकच रेघ मारून, म्हणजे आधी काय लिहिलं होतं ते वाचता यावं. खाली लिहिलं: चूक प्रयोग करणारीची. भांडे कशासाठी हवे हे तिने बनविणारीला सांगितले नाही, विचारले असतानाही नाही. बनविणारीला घोटण्याचा परिणाम पूर्ण माहीत होता. मग मागचं पान उलटून साहित्याच्या यादीत गेले. तिथे नुसतंच सच्छिद्र भांडं असं लिहिलं होतं, त्याच्यापुढे लिहिलं: बनावट, तान्हूबाई कुंभार. आणि दोन्ही ठिकाणी सही केली.

सरांनी वही आपल्याकडे वळवून वाचली. एकदा वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली. मला वाटलं, आता काहीतरी टोचून बोलतील. त्यांनी फक्त विचारलं, “घोटल्याने भोकं बुजतात, हे तिला आधीपासून ठाऊक होतं?”

“शेंबड्या पोराला ठाऊक असतं, सर,” मी म्हणाले आणि निघाले.

मला त्या प्रयोगात वीसपैकी तेरा पडले. पण बी.एस्सी. झाले. आष्ट्याच्या लोकांनी वाट बघितली नाही आणि मीही त्यांची बघितली नाही. पुढे बत्तीस वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवलं. मात्र ही गोष्ट तिथे संपत नाही.

जूनमध्ये कॉलेज सुरू झालं आणि एका दुपारी सासवडे सर सायकल हातात धरून कुंभारवाड्यात शिरले. अंगावर कॉलेजचाच कोट, पायजम्याला चिखल. गाढवांना चुकवत चुकवत आमच्या अंगणापर्यंत आले. आबा चाकावर होते, ते उठून उभे राहिले. मला काय करावं सुचेना. आई माठ थापटत होती, ती मात्र उठली नाही.

“बाई,” सर म्हणाले, “कॉलेजला सहा भांडी पाहिजेत. तुम्ही मागे करून दिलंत तशी.”

“घोटलेली का बिनघोटलेली?”

“बिनघोटलेली.” सरांनी तिच्या हातातल्या थापीकडे पाहिलं. “दोन घोटलेलीसुद्धा द्या.”

“कशाला पायजेत?”

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली मातीकडे पाहिलं.

“प्रयोगाला,” सर म्हणाले.

आईने थापी बाजूला ठेवली. पाट ओढून तिने सरांच्या पुढे सरकवला आणि हाताने बसा अशी खूण केली.

“नुसतं प्रयोगाला म्हनू नगासा, मास्तर. पैलं बसा आन् मला समदं सांगा. आत काय घालनार, भाईर काय येनार, किती येळ लागनार. न्हाईतर म्या हात न्हाई लावायची मातीला.”

सर कोट सावरून पाटावर बसले. सायकल त्यांनी भिंतीला टेकवली होती, ती घसरून पडली, तरी ते उठले नाहीत. थोडा वेळ त्यांना सुरुवात कुठून करावी तेच कळेना.

“असं बघा, तान्हूबाई,” ते म्हणाले. “आपण श्वास घेतो ती हवा…”